तिसरा मुद्दा

पार्लरवाल्या ताईंनी निवडणुकीला अपक्ष उभं राहायचं ठरवलं, तेव्हा गल्लीतल्या अर्ध्या लोकांना ती थट्टा वाटली आणि उरलेल्या अर्ध्यांनी ती केली. बावीस वर्षं त्यांचं पार्लर त्याच कोपऱ्यावर होतं. दोन खुर्च्या, एक लांबलचक आरसा आणि गप्पांना तोटा नाही. सोमवारी मात्र दार बंद. त्या दिवशी ताई पिशवीत कात्री, कंगवा आणि जुनी चादर घालून निघायच्या आणि ज्यांना घराबाहेर पडणं जमत नाही, त्यांचे केस घरी जाऊन कापून यायच्या.

अशाच एका सोमवारी, वर्षभरापूर्वी, एका आजोबांचं दार उघडलं नाही. ताईंनी शेजाऱ्याला हाताशी घेऊन कडी तोडली, तर आजोबा न्हाणीघरात पडलेले. शनिवारपासून! ते वाचले, ठणठणीत होऊन पुढे मुलीकडे राहायलाही गेले, पण ताईंची झोप उडाली ती उडालीच. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची रोज कोणी तरी विचारपूस करावी, एवढं सांगायला त्या नगरपालिकेत चार वेळा जाऊन आल्या. प्रत्येक खिडकीवर एकच उत्तर मिळालं, "हे आमच्याकडे येत नाही." चौथ्या वेळी ताई म्हणाल्या, "मग मीच येते तुमच्याकडे," आणि उमेदवारीचा अर्ज घेऊनच घरी परतल्या.

चिन्ह त्यांनी कात्री मागितलं होतं. मिळाली शिडी. "दवाखान्याच्या पायऱ्या काढा, उतार बांधा म्हणणारी बाई, आणि हिला शिडी!" नवरा हसून हसून खुर्चीवरून पडायचा तेवढा बाकी राहिला.

प्रचाराची सूत्रं थोरल्या नणंदेच्या हातात होती. वन्सं तीस वर्षं टायपिस्ट होत्या, त्यामुळे बोलणाऱ्याच्या वाक्याचा शेवट त्यांना बोलणाऱ्याच्या आधी कळायचा. एका दुपारी त्या वाचनालयाचं पाकीट फोडतच पार्लरमध्ये शिरल्या. वाचनालयाने सगळ्या उमेदवारांची एकत्र सभा ठेवली होती आणि 'वृद्ध, आजारी, अपंग व एकट्या नागरिकांच्या संरक्षणाबाबत आपली भूमिका' लेखी मागवली होती.

"त्यात काय!" गिऱ्हाइकाच्या केसांना रंग लावता लावता ताई म्हणाल्या. "वन्सं, बसा. मी बोलते, तुम्ही उतरवून घ्या."

तासाभरात आठ मुद्दे तयार झाले. दवाखान्याला उतार. ऐकू न येणाऱ्यांच्या घरी घंटीबरोबर लागणारा दिवा. घरातलं कोणी मारहाण करत असेल, तर गुपचूप सांगता येईल अशी जागा. तिसरा मुद्दा ताईंचा सर्वांत लाडका होता: पंचाहत्तरीपुढच्या, एकट्या राहणाऱ्या प्रत्येकाला नगरपालिकेने सुरक्षित निवासात हलवावं.

"म्हणजे पुन्हा कोणी दोन-दोन दिवस पडून राहायला नको," असं म्हणताना त्यांचा हात इतक्या जोरात फिरला, की गिऱ्हाइकाचा कानही काळाभोर झाला.

कागद छापून झाला, वाचनालयात पोचलासुद्धा. पुढच्या सोमवारी ताईंनी तो मास्तरीणबाईंना वाचून दाखवला. बाईंनी लहानपणी ताईंना गणित शिकवलं होतं. आता त्या तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत एकट्या राहायच्या, व्हीलचेअरवरून स्वतःचा स्वयंपाक करायच्या आणि शनिवारी मैत्रिणींना पत्त्यांत हरवायच्या. ताईंना वाटलं, बाई पाठ थोपटतील.

"मग मला कधी हलवणार?" बाईंनी विचारलं. "शनिवार सोडून कधीही चालेल."

"बाई, तुमच्याबद्दल नाही हो ते!"

"माझं वय किती?"

"अठ्ठ्याहत्तर."

"राहते कोणाबरोबर?"

"एकट्याच."

"मग माझं गणित कुठे चुकलं, दाखव."

ताईंच्या नाकाला चांगल्याच मिरच्या झोंबल्या. "ते आजोबा मी डोळ्यांनी बघितलेत, बाई. तुम्ही नाही बघितलं." बोलता बोलता त्यांचा आवाज चिरकला.

बाई जरा मऊ झाल्या. "बघितलंस म्हणून तर उभी राहिलीस. फार चांगलं केलंस. पण घाबरलीस तू, आणि घर सोडायचं मी? मला विचारलंस का एकदा तरी?"

ताई भराभर कात्री चालवत राहिल्या. त्या दिवशी बाईंचे केस ठरल्यापेक्षा बोटभर आखूड झाले.

घरी येऊन त्यांनी वन्संना सगळं सांगितलं. वन्संनी कपाळाला हात लावला. "अगं, दोनशे प्रती वाटून झाल्यात! आता माघार घेतलीस, तर लोक म्हणतील, हिचं हिलाच ठरत नाही." रात्री जेवताना ताईंचं लक्ष नव्हतं, हे नवऱ्याने ओळखलं. मीठ कमी असूनही त्याने चकार शब्द काढला नाही.

रविवारी सकाळी वाचनालयाचं सभागृह खच्चून भरलं. आधी मिशीवाले कंत्राटदार बोलले. ते शेजारच्या प्रभागातून सलग तीनदा निवडून आले होते. "वृद्ध म्हणजे आमची दैवतं," असं सांगून त्यांनी टाळ्या घेतल्या. मग ताईंचं नाव पुकारलं. त्या माइकपाशी जातात न जातात, तोच दारातून कोणी तरी ओरडलं, "खाली एक बाई आहेत, त्यांना प्रश्न विचारायचाय! सात पायऱ्या आहेत, खुर्ची वर येत नाही!"

"चौघं जण उचलून आणा की," कंत्राटदार म्हणाले.

"मला उचलायचं नाही!" खालून बाईंचा आवाज आला. चाळीस पोरांच्या वर्गाला गप्प बसवणारा आवाज तो. सभागृहसुद्धा गप्प बसलं.

ताईंनी एक क्षण वन्संकडे पाहिलं. वन्सं मानेनेच 'नको, नको' करत होत्या. ताईंनी सरळ माइकची वायर ओढली, आपली खुर्ची काखेत मारली आणि त्या पायऱ्या उतरून रस्त्यावर गेल्या. वायर पुरेना, तेव्हा ग्रंथपालबाईंनी माइकला तिथेच रामराम करून कपाटातला कर्णा आणून दिला. बघता बघता अख्खं सभागृह फुटपाथवर आलं. समोरच्या खिडक्यांतून माणसं डोकावू लागली. बाईंसमोर खुर्ची टाकून ताई बसल्या.

"विचारा, बाई."

"तिसरा मुद्दा," बाई म्हणाल्या. "मला विचारून लिहिला का?"

"नाही." ताईंनी कर्णा तोंडाशी धरला होता, त्यामुळे ते 'नाही' पार चौकापर्यंत गेलं. "तिथेच चुकलं. तो मुद्दा मी मागे घेते. सगळ्यांनी आपापल्या कागदावर काट मारा."

गर्दीत कुजबुज झाली. कंत्राटदारांच्या मिशा खुलल्या. "म्हणजे उद्या बाकीचे सातही मागे घ्याल?"

"ज्यांच्यासाठी लिहिलेत, त्यांनी चूक दाखवली, तर घेईन," ताई म्हणाल्या. "बाई, त्या जागी काय लिहू?"

बाई या प्रश्नाला तयार नव्हत्या. चष्मा पुसून त्या म्हणाल्या, "रोज सकाळी दहाच्या आत कोणी तरी दार वाजवावं. ज्याला हवं असेल त्याचंच. किल्ली मी सांगेन त्या शेजारणीकडे. आणि दार वाजवणाऱ्याने मला 'आजी' म्हणायचं नाही."

हशा पिकला. मग काय, एकेकाला कंठ फुटला. ऐकू न येणारा शिंपी हातवारे करत होता आणि त्याची बायको मोठ्याने सांगत होती, "हे म्हणतात, दिवा हवा, पण लाल नको! दुकानाला आग लागल्यासारखं वाटतं!" एक तरुण आंधळा मुलगा म्हणाला, "बस थांबली की कोणती ते ड्रायव्हरने ओरडून सांगावं." वन्संनी पर्समधून पेन काढलं आणि कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर भराभर उतरवायला सुरुवात केली. ताईंना दिलेली तीन मिनिटं दीड तास चालली.

ताई त्रेसष्ट मतांनी निवडून आल्या. बातमी कळली तेव्हा पार्लरमधलं गिऱ्हाईक अर्ध्या कापलेल्या केसांनी रस्त्यावर नाचलं. नवऱ्याने आनंदाच्या भरात वन्संना मिठी मारली आणि वन्संनी त्याला ती मारूही दिली.

नगरपालिकेत सहा महिने घासाघीस करून ताईंनी सकाळची फेरी मंजूर करून घेतली. चौथ्यांदा निवडून आलेल्या कंत्राटदारांनीही शेवटी बाजूने हात वर केला. त्यांची सासू एकटी राहत होती. पहिल्या दिवशी ताई स्वतः निघाल्या. यादीतल्या अकरा जणांनी हो म्हटलं होतं. वाटेत घड्याळ दुरुस्त करणारे एक तिरसट काका राहायचे. त्यांना अजून कोणी विचारलंच नव्हतं.

"रोज कोणी येऊन दार वाजवलेलं चालेल का, काका?"

"नको."

"बरं," म्हणून ताईंनी नावापुढे 'नको' लिहिलं आणि त्या वळल्या.

"एवढंच?" काका उंबऱ्यावर आले. "आग्रहबिग्रह काही नाही?"

"नाही. तुम्ही नको म्हणालात ना."

काकांनी मान वाकडी करून कागदात डोकावलं. "पेन्सिलने लिहिलंय ना?" त्यांनी विचारलं. "मग गुरुवारी परत विचारून बघा. गुरुवारी मी बऱ्यापैकी माणसात असतो."

ताईंना हसू आवरेना. तशाच हसत त्यांनी पुढच्या दाराची कडी वाजवली.