बिरोबाचा एडका

वडवणीकडच्या त्या वाडीत राज्य बिरोबाचं होतं. तसा सरपंच होता, पुजारी होता, ग्रामसेवकही आठवड्यातून एकदा उगवायचा. पण सरपंच कोणाला करायचं, भांडणात खरं कोण, हे देवाच्या नावानं सोडलेला एडका ठरवायचा. दोघांना देवळापुढं उभं करत आणि मधोमध एडका सोडत. तो ज्याच्या खांद्यावरचा टॉवेल चाटील, त्याची बाजू देवाची. निवडणूक कायम बिनविरोध. एका साहेबांनी तर लोकशाहीचा आदर्श म्हणून वाडीचा सत्कार केला होता.

एडका सांभाळायचा मान म्हाळूचा. म्हाळू गेला आणि तेराव्याच्या पंगतीतच मान आता कुणाकडं, याची कुजबुज सुरू झाली. त्याची मुलगी सुकन्या अंबाजोगाईला कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायची. सत्ता नेमकी कुठं असते, यावरचं तिचं टिपण मुलं वर्षानुवर्षं पाठ करत आली होती. आत्ता तिला एवढंच हवं होतं, की एडका आईजवळ राहावा. बाबा गेल्यापासून आई, छबुबाई, माणसांशी बोलत नव्हती. एडक्याला मात्र दिवसभर शिव्या घालायची.

सुंदरराव पुढाऱ्यानं सांगितलं, की बाईमाणसाकडं देवाचं जित्राब ठेवत नाहीत. पुजारी त्रिंबकनं तेच सांगितलं, फक्त मध्ये दोन संस्कृत शब्द घालून. असं कुठं लिहिलंय, असं सुकन्यानं विचारल्यावर दोघांनी एकमेकांकडं बोट दाखवलं. मग ठरलं, एडक्यालाच विचारू. सुंदरराव, त्रिंबक आणि आईच्या वतीनं सुकन्या, असे तिघं उभे राहतील. ही बाई काय जिंकते, म्हणून कोणी हरकत घेतली नाही.

सुंदररावनं खिशात लसूणघास भरला होता. त्रिंबकच्या मुठीत गूळ होता. एडक्यानं घास खाल्ला, गूळ खाल्ला, उपकाराची कसलीही ओळख न दाखवता दोघांकडं पाठ फिरवली आणि सरळ येऊन सुकन्याचा पदर चाटायला लागला. चाटता चाटता निम्मा पदर तोंडात घेतला. गर्दीतल्या बायनाबाईनं भंडारा उधळला.

"देवापुढं कोन बोलनार?" म्हणत सुंदररावनं डोळ्यांतला भंडारा पुसला.

घरी आल्यावर सुकन्यानं ओल्या पदराचं कोरडं टोक जिभेला लावलं. खारट. सकाळी आईनंच तो तिच्या डोक्यावर सारखा केला होता.

"आई, हे मिठाचं कधीपासून?"

"तू पोटात व्हतीस तवापासून. हा चवथा एडका." छबुबाई एडक्याच्या तोंडातले पदराचे धागे काढत होती. "आदल्या सांजेला समदे एडक्याच्या पाया पडाया घरी येत्यात. टॉवेल मीच खुंटीला लावते."

सुकन्या खाली बसली. "आणि बाबांना माहीत होतं?"

"न्हाई गं. लई भाविक मानूस. एका साली त्यांच्या मनात त्रिंबकच्या चुलत्याला सरपंच करायचं व्हतं. एडक्यानं चाटला हनुमानचा टॉवेल. घरी येऊन मला म्हनले, छबे, देवाला आपल्यापरीस जास्ती कळतंय. मी म्हनलं, तर काय."

हनुमान सरपंच झाला, त्याच वर्षी वाडीला शाळा आली होती. हजेरीपटावर पहिलं नाव सुकन्याचं होतं.