आतल्या बाजूला चिकटवलेला नियम

तुम्ही लपवलंत. विसरलात नाही, राहूनही गेलं नाही. लपवलंत. विद्यापीठाच्या आरोग्यशास्त्र ग्रंथालयाच्या दारावर बाहेरून पाटी तुम्ही कचेरीवाल्यांनी ठोकली: "विद्यार्थी व डॉक्टर यांच्याखेरीज कोणासही प्रवेश नाही." आणि आत, काउंटरच्या मागच्या भिंतीवर, जिथे फक्त तुमचीच माणसं उभी राहतात, तिथे तुमच्याच सहीचा दुसरा कागद चिकटवला: राज्यातल्या कुठल्याही रहिवाशाला ओळखपत्र दाखवून दिवसभर बसून वाचता येईल, शोधायला ग्रंथपाल मदत करील, फुकट. दोन्ही कागदांवर शिक्का एकच. हे मला कसं कळलं? मी तुमचा एसी दुरुस्त करायला आलो होतो.

मी कृष्णनाथ. घर नार्व्याला, दुकान डिचोलीला. बारावी नापास. पण हातात आलेला कागद वाचल्याशिवाय मी खाली ठेवत नाही. एसीच्या खोक्यातलं माहितीपत्रकसुद्धा मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो, म्हणून लोक मला बोलावतात.

चार वर्षांपूर्वी मी त्याच दाराशी रिकाम्या हातांनी आलो होतो. माझी बहीण गौरवी चोपड्याला दिली आहे. पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी, म्हणजे आमच्या नार्व्याच्या घरी. मुलगा झाला, देवेश. चौथ्या दिवशी पोर हळदीसारखं पिवळं पडलं. दूध ओढेना, मान मागे टाकायला लागलं. इस्पितळात दोनदा रक्त बदललं तेव्हा जगलं. कान मात्र गेले. घरी सोडताना मिळालेल्या कागदावर लिहिलं होतं: रक्तपेशी फुटल्या, कारण, आणि पुढे प्रश्नचिन्ह.

त्या प्रश्नचिन्हाने दोन घरं फोडली. चोपड्याची विहीण, विनोदिनी, सगळे तिला माई म्हणतात, ती म्हणाली, गौरवीचं दूधच वाईट. माझी आई म्हणाली, चोपड्याच्या त्या खाडीवरच्या वाऱ्यात पोर पोटात वाढलं, दुसरं काय होणार! मी म्हटलं, भांडू नका, याचं कारण कुठेतरी लिहिलेलं असणार. म्हणून आलो होतो. दिनकर वॉचमन, बेळगावकडचा, भला माणूस, त्याने पाटीवर बोट ठेवलं. "आत सोडाय येत न्हाई बघा. माझी नोकरी जाईल." मी परत गेलो.

यंदा गणपतीची चवथ झाल्यावरच्या सोमवारी तुमच्याच कचेरीतून फोन आला. एसीचं पाणी पुस्तकांवर गळतंय, ताबडतोब या. खांद्यावर हत्यारांची पिशवी बघून दिनकरने दार स्वतः उघडलं. "या की, या!" म्हणे. वाचायला आलो तर चोर, पाना घेऊन आलो तर साहेब!

शिडीवर चढून मी झाकण काढलं. पाण्याची नळी शेवाळाने गच्च भरलेली. ती फुंकत होतो आणि तिथून, त्या उंचीवरून, मला काउंटरमागची भिंत दिसली. कागद दिसला. मी तो वाचला. परत वाचला. शिडीवरून उतरलो तेव्हा एक पायरी चुकली, हे खोटं नाही.

काउंटरवर सिद्धी म्हणून मुलगी होती, फोंड्याची, ग्रंथपाल. "बाय, हे खरं?" मी विचारलं.

"काय?"

"रहिवासी. ओळखपत्र. फुकट."

"हो, खरं. मला इथे तीन वर्षं झाली, बाहेरचं एक माणूस आलेलं नाही. मला वाटायचं लोकांना वाचायचंच नसतं."

"येणार कसं? दारावरची पाटी बघितलीस?"

"कुठली पाटी?" ती म्हणाली. कर्मचारी मागच्या दाराने येतात, गाड्या लावतात तिथून. ती उठून पुढच्या दारापर्यंत गेली, पाटी वाचून परत आली. चेहरा लाल. खुर्ची ओढून म्हणाली, "बसा. तुमचा प्रश्न सांगा."

पाकिटातून मी देवेशचा तो कागद काढला. घड्यांवर फाटलेला. आणि सांगितलं की गौरवीचे दिवस भरलेत. दुसरं बाळ आज-उद्या येणार. कारण कळलं नाही तर तेच परत होणार की नाही, कोणाला ठाऊक? तिने कागद दोन्ही बाजूंनी वाचला आणि आधी एक गोष्ट स्पष्ट सांगितली. "मी डॉक्टर नव्हे हां. काय लिहिलंय ते मी शोधून देईन. त्याचा अर्थ तुमच्या बाळाला लागतो की नाही, ते डॉक्टर सांगतील."

मग ती सुटली! मी आयुष्यात पुष्कळ कारागीर बघितलेत. फोटो काढावा असे वेल्डर बघितलेत. पण ही पोरगी शोधते कशी, ते बघण्यासारखं. संगणकात एक शब्द टाकला, हजारो लेख. दुसरा जोडला, चारशे. नवजात जोडलं, साठ. मला विचारते, बाळाला औषध काय दिलं होतं? काही नाही. आईने काय खाल्लं होतं? पेज, शेवग्याची भाजी. घरात काय फवारलं होतं? काही नाही. ती पडदा वाचत जायची आणि एकेक कारण खोडत जायची.

"तुमच्या कागदावर जी सिक्स पीडी नावाची तपासणी केलेली दिसते," ती म्हणाली. "रक्तपेशीला सांभाळणारं एक द्रव्य असतं, ते कमी आहे का बघतात. कमी असलं की ठराविक वस्तूंनी पेशी फुटतात. पण याचं उत्तर नॉर्मल आलंय. म्हणजे ते नाही."

मी कागद ओढला. एसीवाला असल्यामुळे मला एक सवय आहे, आधी तारीख बघतो, गॅस कधी भरला आणि दाब कधी मोजला. "बाय, रक्त बदललं सोळा तारखेला. तपासलं अठराला."

"मग?"

"मग तपासलं कोणाचं रक्त?"

ती ताडकन उठली. मग कपाटाकडे अशी धावली की चप्पल मागे राहिली. वीतभर जाडीचं पुस्तक मेजावर आपटलं. पानं उलटली. बोट ठेवलं. तिथे छापलेलं होतं, माझ्यासारख्या बारावी नापासालाही कळावं इतकं सरळ: रक्त बदलल्यावर लगेच केलेली ही तपासणी दात्याचं रक्त मोजते, तीन महिन्यांनी परत करावी. आमच्याकडे कोण परत करणार? कान गेले त्यातच सगळे बुडालेले.

"आता कशाने फुटतात ती यादी," ती म्हणाली आणि वाचायला लागली. अमुक गोळी. तमुक औषध. बाकल्याच्या शेंगा. आणि मग डांबरगोळ्या.

मी म्हटलं, "थांब."

आमच्याकडे बाळाला बाराव्या दिवसापर्यंत नवं कापड लावत नाहीत. घरातल्या म्हाताऱ्या बाईचं जुनं, मऊ झालेलं लुगडं फाडून त्यात गुंडाळतात. तिचं आयुष्य पोराला लागतं म्हणतात. ते लुगडं वर्षानुवर्षं पेटीत असतं. गोव्याच्या दमट हवेत पेटीत कापड टिकवायचं तर काय टाकतात? देवेशला आमच्या आजीच्या लुगड्यात गुंडाळला होता. दिवसरात्र. आणि त्या पेटीत डांबरगोळ्या म्हापशाच्या बाजारातून आणून, मूठभर, मीच टाकल्या होत्या. मीच. मला आठवतं, आईने तोंडभर कौतुक केलं होतं.

सिद्धीने नेमकं तेच शोधलं. डांबरगोळ्यांत ठेवलेले कपडे, नवजात बाळ. बाहेरच्या देशातला फार जुना लेख निघाला, पण तुमच्या ग्रंथालयात त्याच्या चारच ओळी होत्या. मला वाटलं, संपलं. ती म्हणाली, "संपतं कसं? ग्रंथालयं एकमेकांना कागद देतात." तिने पुण्याच्या एका ग्रंथालयाला लिहिलं, तातडीचं म्हणून. चाळीस मिनिटांत पूर्ण लेख आला! सहा पानं. बाळं हीच, कपडे हेच, पिवळेपणा हाच. आम्ही दोघं ओरडलो. वाचत बसलेल्या एका भावी डॉक्टरने "शूऽऽ" केलं. मी त्याला म्हटलं, "तू गप रे, ह्या पानात माझा भाचा आहे!"

आणि फोन वाजला. गौरवीचा नवरा, साईश. "दादा, गौरवीक इस्पितळात आणलंय. कळा सुरू झाल्यो."

"साईश, माई खंय आसा?"

"घरी. कपड्यांचा गाठोडा बांधता. रिक्षा सांगल्यासा, तासाभरात येतली."

"तिका सांग, पेटीतलो एकय कपडो आणू नको. एकय!"

"माका ती ऐकतली? तूच सांग," असं म्हणून त्याने फोन ठेवला. माईला फोन लावला तर ती उचलेना. नार्व्याचा नंबर ती चार वर्षं उचलत नाही.

एसी उघडा, झाकण जमिनीवर, नळी लोंबतेय. सिद्धीने सहा पानं छापून, पुस्तकातलं ते पान आणि औषधांची यादी जोडून माझ्या हातात दिली. "जा! उकाड्याचं मी बघते." तुमच्या साहेबांना त्या दिवशी घाम आला असेल तर तो त्यासाठी.

मोटरसायकल कशी हाकली ते विचारू नका. म्हापसा मागे टाकलं, शिवोलीचा पूल ओलांडला, खाली होड्या, पुढे चोपडे. माई दारातच. काखेत गाठोडं, रिक्षा चालू. मला बघून तिने तोंड फिरवलं.

"माई, तो गाठोडा हंय ठेव."

"कित्याक? तुका नेसूचो आसा?"

"असल्याच कपड्यांनी देवेशचे कान गेले." मी कागद पुढे केला.

"अगो बाई! एसीचो मेकॅनिक आता माका पोरां गुंडाळूक शिकयतलो!" ती रिक्षावाल्याला साक्षीला धरून म्हणाली. "माझ्या सासूचा लुगडा आसा ह्या. पंचाण्णव वर्सां जगली ती. तुझ्या कागदाचा वय किती?"

गाठोड्याचा वास माझ्यापर्यंत येत होता. मी म्हटलं, "वास घे, माई. डांबरगोळ्यांचो. आमच्या पेटीत त्यो मी घातल्यो. गौरवीचा दूध वाईट नव्हता. तुमचो वारो पण वाईट नव्हतो. मी घातल्यो. माझो दोष."

रिक्षावाल्याने इंजीन बंद केलं. माईने गाठोडं नाकाशी नेलं, मग लांब धरलं. कागद तिने घेतलाच नाही. "चार वर्सां," ती म्हणाली, "चार वर्सां तुझ्या आईन आमच्या वाऱ्याक गाळी घातल्यो. आणि तू आता सांगतंस?"

"माकाय आताच कळला. तासभर झालो."

ती पायरीवर बसली. मला वाटलं रडणार. पण माई रडणाऱ्यातली नाही. "नवा कापड मात्र लावचंय नाय हां," ती म्हणाली. "नव्याक दृष्ट लागता."

"नवा नको. जुनाच दी. पण पेटीतला नको, धुऊन सुकवला तरी तो वास जायत नाय."

ती उठली, मागच्या अंगणात गेली. दोरीवर तिची रोजची सुती साडी वाळत होती, शेतात जाताना नेसायची ती, मऊ सूत झालेली, उन्हात कडकडीत. तिने ती ओढली आणि दातांनी काठ धरून टर्रकन फाडली. "ही चलात? माझा आयुष्य लागू दे त्येका. पंचाण्णव नाय झाली अजून, पण होतलंय!"

मुलगा झाला. मी कागद डॉक्टरीणबाईंसमोर ठेवले. त्यांनी उभ्याउभ्या सहाही पानं वाचली, देवेशच्या कागदावरच्या तारखा पाहिल्या आणि लगेच बाळाचं रक्त तपासायला पाठवलं. द्रव्य कमी! देवेशचंही परत तपासलं. त्याचंही कमी. प्रश्नचिन्ह पुसलं गेलं. बाळ तिसऱ्या दिवशी जरासं पिवळं झालं, एक दिवस निळ्या दिव्याखाली ठेवलं, पाचव्या दिवशी घरी. टाळी वाजवली की डोळे मिचकावतं. माझी आई चोपड्याला गेली, माईने तिला आत घेतलं, चहा दिला, आणि चहाबरोबर चार वर्षांचं सगळं ऐकवलं. आईने ऐकून घेतलं.

तुमचा एसी मी दुसऱ्या दिवशी पुरा केला. गळत नाही. बघून घ्या.

आता माझं ऐका. तो नियम नऊ वर्षं जुना आहे, तारीख मी वाचली आहे. देवेश त्या नियमाच्या पाचव्या वर्षी जन्मला. त्याचं उत्तर त्या वीतभर जाडीच्या पुस्तकात तेव्हाही होतं, आणि मी दाराच्या बाहेर होतो. माझ्या डांबरगोळ्यांचा दोष मी चोपड्याच्या पायरीवर, रिक्षावाल्यासमोर, मोठ्याने कबूल केला. तुम्ही?

चोपड्यात बातमी फिरली आहे. माईला तिच्या गुडघ्यांवर काय लिहिलंय ते पाहिजे. सुविधा म्हणून शेजारीण आहे, तिला नवऱ्याच्या औषधाचं वाचायचंय. अशा अकरा जणी झाल्या. येत्या सोमवारी दहा वाजता मी त्यांना घेऊन येतोय. ओळखपत्रं आहेत. हत्यारांची पिशवी मी आणणार नाही. दिनकरला पुढे करू नका, सिद्धीला नोटीस काढू नका. त्या दोघांचा ह्यात काही अपराध नाही.

दार कोण उघडणार? नाव सांगा. लेखी सांगा, सोमवारच्या आधी.