एक रात्र जादा चंद्र

सोलापूरच्या एका महाविद्यालयात दुसऱ्या मजल्यावर चंद्र धुळाप्पाच्या आज्ञेत होता. चंद्र म्हणजे झिरोचा बल्ब आणि आज्ञा म्हणजे भिंतीवरचं बटण.

त्या चंद्रावरून गुरुवारी सकाळी प्राणिशास्त्राच्या वैजयंती मॅडमचा आवाज पहिल्यांदाच चढला. बाहेर अनुदान समिती चहा पीत होती आणि आत काचेच्या बशीत अंडी नव्हती.

अंडी हवी होती समुद्री किड्यांची. बोटाएवढे किडे, दोन्ही अंगांना केसाळ पाय. त्यांची अंडी अशी आरपार, की एका पेशीच्या दोन, दोनाच्या चार होताना दिसतात. त्यातून डोळा कसा घडतो, हे मॅडम पाहत. समुद्र चारशे किलोमीटरवर. म्हणून धुळाप्पा मीठ मोजून पाणी खारट करी, मंडईतला पालक चारी आणि अंधाऱ्या खोलीत महिन्याच्या आठ रात्री दिवा लावी. दिवा बंद झाला, की ठरल्या दिवशी किडे बाहेर येत, गरगरत, अंडी टाकत आणि मरत. त्या हिशेबाने मॅडमनी समितीला गुरुवार दिला होता. अंडी दिसली तर प्रयोगशाळा टिकणार होती आणि परिचराची जागा कायम होणार होती. धुळाप्पा बावीस वर्षं रोजंदारीवर होता.

दिवा तक्त्याप्रमाणेच बंद केला ना, मॅडमनी विचारलं. धुळाप्पा शांतपणे न्हाय म्हणाला.

"पंचांगात त्या पंधरवड्याला एक तिथी वाढली हुती की. मंग चंद्र एक रात जादा ठिवला."

"मामा, आपल्या चंद्राचा पंचांगाशी काय संबंध?"

"मंग किड्यांनी इस्वास कशावर ठिवायचा?"

मॅडम खाली बसल्या. धुळाप्पा मात्र मंगळवेढ्याकडच्या मेंढपाळाच्या घरातला. व्यायला आलेली मेंढी त्याला चालीवरून कळे. त्याने किड्यांच्या पेटीत वाकून पाहिलं. किड्यांनी पालकाला तोंड लावलं नव्हतं, डोळे टपोरे झाले होते, माद्या पिवळ्या पडल्या होत्या, म्हणजे एका दिवसावर आल्या होत्या. तो सरळ समितीसमोर जाऊन उभा राहिला, तोही हातात किटली नसताना.

अध्यक्ष चनबसप्पासाहेब अक्कलकोट करून त्याच दिवशी परतणार होते. धुळाप्पाने त्यांना उद्या दहाला यायला सांगितलं. आणि नाही झालं तर, त्यांनी विचारलं.

"तर कागदावरनं माजं नाव काढा, साहेब."

त्याचं नाव कुठल्याच कागदावर नव्हतं, पण हे अध्यक्षांना ठाऊक नव्हतं. समितीने नव्या पेठेत चादरी घेतल्या आणि मुक्काम केला.

शुक्रवारी दहाला दोन माद्या आणि तीन नर एकमेकांभोवती गरगरू लागले. दुपारी अध्यक्षांनी सूक्ष्मदर्शकातून एकाचे दोन, दोनाचे चार होताना पाहिले आणि जेवणाची वेळ टळली तरी डोळा काढला नाही. असा परिचर हाताशी असणं हे भाग्य, ते म्हणाले, आणि तसं अहवालात घालायलाही लावलं.

महिन्याभरात मंजुरी आली. प्रयोगशाळेला पाच वर्षं. परिचराचं एक पद, कायम. पात्रता: बारावी, विज्ञान शाखा.

धुळाप्पा सातवी होता.