कपाटामागची भिंत

मित्रांनो, तुमच्या घरात निदान डझनभर तरी भिंती असतील, पण त्यांतल्या एकीशी तरी तुमची ओळख आहे का? नसणारच. भिंत पडेपर्यंत तिच्याकडे कोणी बघत नाही. म्हणून आज मीच आपणहून बोलते. मी एक जुनी भिंत आहे. तीन मजली इमारतीच्या मधल्या मजल्यावर माझा मुक्काम. माझ्या एका अंगाला झोपायची खोली आहे आणि दुसऱ्या अंगाला न्हाणीघर. एका कुशीवर माणसं झोपतात, दुसऱ्या कुशीवर अंघोळ करतात. मी मधे ताठ उभी!

मला बांधलं एका तापट गवंड्याने. तो ओळंबा सोडायचा, एक डोळा मिटून बघायचा आणि वीट जराशी वाकडी बसलेली दिसली की स्वतःलाच शिव्या घालायचा. त्याच्या हातून मी सरळसोट उभी राहिले. माझ्या पोटातून न्हाणीघराचा नळ गेला. वरून गिलावा चढला, चुना लागला, आणि आत नळ आहे हे सगळे विसरूनही गेले.

मग या घरात एक बसचालक आपली बायको आणि दोन मुलं घेऊन राहायला आले. शेजारीपाजारी त्यांना 'ड्रायव्हरसाहेब' म्हणायचे. म्हणून मीही तेच म्हणते. त्यांच्या बायकोला विणकामाचा भारी नाद. दुपारी कामं आटोपली की त्या मला पाठ टेकून बसायच्या आणि स्वेटर विणायच्या. उन्हाळ्यात तर त्या माझ्यापासून हलायच्याच नाहीत. आल्यागेल्याला सांगायच्या, "आमच्या या भिंतीला पाठ टेकून बघा. कशी गार लागते! जिवाला थंडावा येतो अगदी."

ही स्तुती ऐकून मी फुगून जायचे. फुगणं भिंतीला चांगलं नसतं, हे मला तेव्हा कुठे ठाऊक होतं! माझ्या पोटातल्या नळाचा एक सांधा पाझरू लागला होता. थेंब थेंब पाणी विटांत मुरत होतं. माझा गारवा त्याचाच होता.

काही वर्षांनी माझ्या अंगावर एक डाग उमटला. चहाच्या कपाखाली उमटतो तसा, पण मोठा. नेमकं त्याच वेळी घरात मुलाचं लग्न ठरलं होतं. पाहुणे येणार, घर चारचौघांत उठून दिसलं पाहिजे. मग घाईघाईने माझ्यावर पुट्टी ओढली, रंग मारला आणि एक जाडजूड लाकडी कपाट माझ्या अंगाला घट्ट लावून ठेवलं. झाकली मूठ सव्वा लाखाची! त्या दिवसापासून माझ्या वाट्याला ना उजेड आला, ना वारा.

पुढे ड्रायव्हरसाहेबांची बायको आजारी पडली. बायकोला धूर सोसेना, म्हणून जन्मभर सिगारेट ओढणाऱ्या त्या माणसाने एका दिवसात ती सोडली. बायको मात्र राहिली नाही. तिचे स्वेटर, तिच्या शाली, तिच्या सुया, सगळं तिने लावलं होतं तसंच त्या कपाटात राहिलं. साहेब कधीतरी दार उघडून नुसते बघायचे आणि पुन्हा लावून टाकायचे. त्यांचा पलंग कपाटाला लागूनच होता.

मित्रांनो, अंधार, ओल आणि कोंडलेली हवा असली की बुरशीला बोलावणं धाडावं लागत नाही. ती येते आणि पाहुणी म्हणून आलेली मालकीण होऊन बसते. कपाटामागे ती माझ्या अंगभर पसरली. आणि साहेबांना खोकला सुरू झाला.

आधी साधा वाटला. मग तो हटेना. मुलाने त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी तपासलं, छातीचा फोटो काढला, औषध दिलं. "घरात कुठे ओल आहे का?" असंही विचारलं म्हणे. मुलगा म्हणाला, "छे हो! आमचं घर मधल्या मजल्यावर आहे. ओल येणार कुठून?" घरी येऊन त्याने हे बायकोला हसत हसत सांगितलं. मी आत भिजत ऐकत होते. लोक म्हणतात, भिंतीला कान असतात. एखादं तोंडही असतं तर फार बरं झालं असतं.

या घरची सून पाळणाघरात काम करायची. मोठी मायाळू, पण नजर पोलिसाची. कोणत्या पोराने खिशात काय दडवलंय, हे ती चेहऱ्यावरून ओळखायची. त्याच नजरेने ती सासऱ्यांकडे बघू लागली. हे सारखे गॅलरीत का जातात? तोंडात सदानकदा लवंग का असते? एक दिवस तिने विचारलंच.

"बाबा, गॅलरीत काय करता हो एवढा वेळ?"

"तिथे श्वास मोकळा होतो गं."

"आणि ही लवंग?"

"घशाला बरी वाटते."

"घशाला, की वास लपवायला?"

साहेबांचा चेहरा पडला. "मी ओढत नाही, सूनबाई," ते एवढंच म्हणाले. तिने मान हलवली, पण तिला ते पटलं नव्हतं.

त्या सुमाराला साहेबांच्या मुलीला बाळ झालं होतं. ती बाळाला घेऊन महिनाभर माहेरी येणार होती. तिच्यासाठी हीच खोली नीट करायची ठरली. खिडकीला जाळी, नवे दिवे, भिंतींना रंग. साहेब खूश होते. आपला पलंग ते बाहेरच्या खोलीत हलवणार होते. एके संध्याकाळी मुलीचा फोन आला. सून इथेच चादरी काढत होती. फोन तिने खिडकीत मोठ्या आवाजावर ठेवला होता.

"वहिनी, बाबा फार खोकतात असं दादा म्हणाला. खरं सांग, पुन्हा ओढायला लागलेत का?"

सून घुटमळली. "डोळ्यांनी पाहिलं नाही गं मी. पण लक्षणं सगळी तीच."

"मग मी एवढ्यात येत नाही," मुलगी म्हणाली. "बाळ लहान आहे. त्याला धूर नको."

दारात साहेब उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं. ते आले, पलंगावर बसले आणि माझ्याकडे तोंड करून आडवे झाले. त्या दिवसापासून ते खोकला दाबू लागले. उबळ आली की उशीत तोंड खुपसायचे. बाहेर आवाज जात नसे, पण पलंगाचा हादरा माझ्या विटांना कळायचा.

रंगाचं काम सांगून ठेवलेलंच होतं. ठरलेल्या दिवशी रंगारी आला. मोठा बोलका गडी. डब्याआधी तोंड उघडणारा. त्याने खोलीवर नजर फिरवली आणि म्हणाला, "हे कपाट तेवढं हलवायला लागेल."

"कपाट हलायचं नाही," साहेब पलंगावरून म्हणाले. "त्याच्या कडेकडेने रंगवा."

सुनेने हातातली बादली खाली ठेवली. "का बाबा? मागे काय आहे?"

"काही नाही. तिने जसं ठेवलंय तसं राहू दे."

"मागे काही नाही, तर सरकवायला काय हरकत आहे?"

तिच्या मनात काय होतं, ते साहेबांना कळलं. ते उठून उभे राहिले. "हलवा ते कपाट. एकदा काय ते बघून घे, सूनबाई. माझ्यामागची ही पीडा तरी जाऊ दे."

मुलगा आणि रंगारी कपाटाला भिडले. कपाट करकरलं. त्याचा एक पाय कुजून फरशीला चिकटला होता, तो तिथेच मोडून राहिला. सून सिगारेटचं पाकीट शोधायला पुढे झाली. आणि तिचा हात हवेतच थांबला.

कितीतरी वर्षांनी माझ्यावर उजेड पडला. मित्रांनो, मी कशी दिसत असेन, सांगू? शाळेतल्या फळ्याएवढा काळा पट्टा. मधेमधे हिरवट ठिगळं. कडेने मऊ पांढरी लव. पुट्टीचे पोपडे लोंबत होते आणि कुबट वासाने खोली भरून गेली होती. "बाप रे!" म्हणून रंगाऱ्याने नाकाला फडकं लावलं, आणि पहिल्यांदाच तो गप्प झाला.

सुनेने माझ्याकडे पाहिलं. मग पलंगावरच्या उशीकडे पाहिलं. दोहोंत जेमतेम हातभर अंतर होतं.

"बाबा, तुम्ही रोज... इथे..."

साहेबांचं तिच्याकडे लक्षच नव्हतं. त्यांनी कपाटाचं दार उघडलं. मागची फळी चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी झाली होती. स्वेटरांच्या घड्यांवर काळे ठिपके पडले होते. एक निळा स्वेटर त्यांनी उचलला, तर त्याची बाही हातातच राहिली. साहेब ती बाही धरून मटकन खाली बसले.

सूनही त्यांच्याजवळ फरशीवर बसली. "चुकलं माझं बाबा. मी तुम्हाला चोर ठरवलं."

"अगं, जन्मभर ओढली मी. संशय येणारच," ते म्हणाले. मग खाली बघत म्हणाले, "पण बाळाला आणणार नाही म्हणाली ना, ते फार लागलं."

सून तशीच उठली आणि तिने नणंदेला फोन लावला. "बाबा ओढत नाहीत गं. ओढत होती ती आपली भिंत. पाणी ओढत होती! बाबांचा काही दोष नाही. मीच मूर्ख." पलीकडून रडण्याचा आवाज आला. "बाबांना दे," मुलगी म्हणाली. साहेबांनी फोन कानाला लावला. रागाचा एक शब्द त्यांच्या तोंडून निघाला नाही. त्यांनी विचारलं, "बाळ झोपतं का गं नीट?"

मुलगा अजून माझ्यासमोर कमरेवर हात ठेवून उभा होता. "वरून पुट्टी मारून रंग दिला तर?"

"देतो की," रंगारी म्हणाला. "चारसहा महिने झकास दिसेल."

"आणि पुढे?" सुनेने विचारलं.

"पुढे मला परत बोलवाल."

"नको," ती म्हणाली. "एकदा झाकून काय झालं, ते दिसतंय समोर. आता हिचं पोट फाडून बघायचं."

साहेबांचा पलंग तेव्हाच बाहेर गेला. खोलीचं दार लावलं, खिडकी सताड उघडली. मग प्लंबर आला. न्हाणीघराच्या बाजूने त्याने माझ्या अंगावरच्या टाइल्स काढल्या, विटा उकरल्या आणि तो पाझरणारा सांधा बाहेर आणला. गंजून चाळण झाली होती त्याची. नळ बदलला. त्यानंतर एका नव्या गवंड्याने तोंडावर मास्क बांधून माझा ओला गिलावा छिन्नीने उतरवला. धूळ उडू नये म्हणून तो आधी पाणी शिंपडायचा, मग खरवडायचा. बुरशी मारायचं औषध चोळलं तेव्हा माझी आग आग झाली. पण खरं सांगू? मोकळी झाले मी.

पुष्कळ दिवस मी तशीच उघड्या विटांनिशी उभी होते. पंखा लावून ते मला वाळवत होते. मुलगा रोज येऊन विटांना हात लावायचा आणि चूक केल्यासारखा उभा राहायचा. एकदा साहेब दारातून म्हणाले, "अरे, मारकुट्या मास्तरासमोर उभा राहिल्यासारखा काय उभा राहतोस? वाळेल ती." मग दोघंही हसले.

कपाटातल्या वस्तू सुनेने एकेक करून गरम पाण्यात धुतल्या आणि उन्हात टाकल्या. काही वाचल्या, काही गेल्या. निळा स्वेटर साहेबांनी स्वतःच्या हाताने कचऱ्याच्या पिशवीत घातला. "तिला घाण खपायची नाही," ते म्हणाले.

खोकला एकदम गेला नाही. डॉक्टरांनी नवं औषध दिलं, आणि त्या खोलीत एवढ्यात झोपू नका म्हणून बजावलं. हळूहळू उबळ कमी झाली. मग एका सकाळी मला उघड्या दारातून दिसलं, सून चहा घेऊन आली, तर साहेब बाहेरच्या खोलीत अजून गाढ झोपलेले. ती कप घेऊन तशीच उभी राहिली. तिने त्यांना उठवलं नाही.

मी पुरती वाळल्यावर माझ्यावर नवा गिलावा चढला, साधा पांढरा रंग लागला. आणि मुलगी बाळाला घेऊन आली. ती आत येणार तेवढ्यात साहेबांनी हात आडवा केला. "थांब जरा." त्यांनी तळवा माझ्यावर वरपासून खालपर्यंत फिरवला. वाकून नाक लावलं. कोपऱ्यात बोट दाबून पाहिलं. मग बाजूला झाले आणि म्हणाले, "कोरडी आहे. आण त्याला."

मित्रांनो, आम्हा भिंतींचं मागणं फार नाही. आम्हाला थोडा वारा द्या. सामान आमच्या अंगाला चिकटवू नका, चार बोटं जागा सोडा. डाग दिसला तर रंगाने त्याचं तोंड दाबू नका, तो काय सांगतोय ते विचारा. आणि घरातलं कोणी खोकत असेल, तर त्याच्यावर डोळे वटारण्याआधी एकदा कपाट सरकवून बघा.