गिमेलचा उंट

इसाजी किहीमकर खांडबाऱ्याला रस्त्याच्या कामावर ओव्हरसियर होते. आसपास दुसरं बेने इस्रायली यहुदी घर नव्हतं. १९४० साली हनुक्क्याला, म्हणजे यहुद्यांच्या दिव्यांच्या सणाला, त्यांच्या मेव्हण्याने मुंबईहून एक चौकोनी लाकडी भोवरा पाठवला. युरोपातून आलेले यहुदी लोक सणात घरच्यांबरोबर हा खेळतात, एवढंच त्याने कळवलं. कसा खेळतात, ते लिहायचं राहिलं.

भोवऱ्याच्या चार बाजूंना चार हिब्रू अक्षरं होती. इसाजींचं नियमाशिवाय पान हलत नसे. त्यांनी प्रार्थनेचं पुस्तक काढून प्रत्येक अक्षराला एक शब्द ठरवला. नून म्हणजे नेर: दिवा पुसायचा. 'हे' या अक्षराला हल्लेल, म्हणजे स्तुती: गाणं म्हणायचं. शिन म्हणजे शब्बाथ, विश्रांतीचा वार: पुढची पाळी येईपर्यंत कशाला हात लावायचा नाही. गिमेलला काही सुचेना. तेव्हा त्यांच्या आई सारूबाई म्हणाल्या, "गमाल. म्हणजे उंट."

इसाजींनी लिहून घेतलं: गिमेल पडल्यास उंट.

दुपारी खेळ सुरू झाला. मुलगी राहेल गायली, बायको मिलकाबाईंनी दिवा पुसला. सारूबाईंनी भोवरा फिरवला आणि गिमेल पडलं.

"आण उंट," त्या म्हणाल्या.

पुन्हा फिरवा, अशी इसाजींनी विनवणी केली. पण कागदावर हस्ताक्षर त्यांचंच होतं. ते कोट घालून बाजारात गेले. तिथे रेवजी रबारी मेंढरं आणि उंट घेऊन उतरला होता. इसाजींनी त्याला तीनदा समजावलं. साहेबांची आई आजारी असून उंटिणीचं दूध हवंय, असं समजून तो निघाला.

उंटीण अंगणात बसली. शेजारच्या गजराबाईंनी विचारलं, "हाई काय शे, साहेब?" सण आहे, असं इसाजींनी सांगितलं. गजराबाईंना ते पटलं. त्यांनी उंटिणीला कडबा आणून टाकला.

मग इसाजींची पाळी आली. शिन पडलं. ते मांडीवर हात ठेवून बसले, तोच सारूबाईंनी आपल्याला उंटिणीवर बसवायला सांगितलं. नवरा गेल्यापासून दोन वर्षं त्यांनी उंबरठा ओलांडला नव्हता. रेवजी आणि गजराबाईंनी त्यांना वर चढवलं. उंटीण मागच्या पायांवर उठली, सारूबाई पुढे झुकल्या, पण ओरडल्या नाहीत. तशाच त्या फाटकाबाहेर पडल्या.

राहेल आणि मिलकाबाई हसून हसून भोवरा फिरवीनात, त्यामुळे इसाजींची पाळी येईना.

"आई, पदर घे डोक्यावर, ऊन आहे," ते बसल्या जागेवरून म्हणाले.

सारूबाईंनी रेवजीला नदीचा रस्ता दाखवला.