नेटीच्या टायरांची हवा

लिंडवुडमध्ये कुणाचं भलं करायचं, तर त्याची पाठ वळल्यावर. समोरासमोर मदत करणं या गावाला जरा असभ्यच वाटतं. समोरचा आभार मानतो, मग आपल्याला 'त्यात काय एवढं' म्हणावं लागतं, आणि मग दोघंही अवघडून हवामानावर बोलू लागतात. त्यापेक्षा पहाटे उठून शेजाऱ्याच्या दारातला बर्फ काढावा आणि तो जागा व्हायच्या आत घरी येऊन झोपावं, हे बरं.

नेटी वॉयटोविचला हे कुणी शिकवायला नको होतं, ती याच मातीतली. नवऱ्याची, ओरेस्टची, मूत्रपिंडं गेल्या वसंतात थकली, तेव्हापासून तिच्या दारातला बर्फ तिला कधी उचलावा लागला नव्हता. पायरीवर बटाट्यांची पिशवी यायची. कोबीच्या पानांत गुंडाळलेल्या भाताचं पातेलं यायचं, आणि पातेल्याच्या बुडाची नावाची पट्टी मुद्दाम खरवडून काढलेली असायची. भांडं परत कुणाला द्यायचं ते कळत नसे, म्हणून नेटी ती सगळी घासून चर्चच्या स्वयंपाकघरात ठेवून यायची. घासताना तिला भरून यायचं. लोक किती चांगले आहेत, असं ती नळाखालच्या पातेल्याला सांगायची, दुसऱ्या कुणाला नाही.

तिचं सगळं अडलं होतं ते गाडीपाशी.

आठवड्यातून तीनदा ओरेस्टला डायलिसिससाठी सास्काटून शहरात न्यावं लागे. उन्हाळ्यात तो रस्ता म्हणजे काहीच नाही. हिवाळ्यात मात्र शेतांवरचा बर्फ वाऱ्यानं रस्त्यावर सरपटत येतो आणि खाली काचेसारखा बर्फ धरलेला असतो. आजवर हिवाळ्यात गाडी चालवायची ती ओरेस्टनंच. आता तो शेजारी बसायचा आणि येताना थकून झोपायचा. नेटी दोन्ही हातांनी स्टिअरिंग आवळून, मनातल्या मनात देवाची आणि ओरेस्टनं बसवून घेतलेल्या हिवाळी टायरांची नावं घेत घरी यायची.

त्या टायरांनीच दगा द्यायला सुरुवात केली. एका सोमवारी हवा कमी झाल्याचा पिवळा दिवा लागला. गाडी चिखलात चालावी तशी जड चालली. बुधवारी दिवा नव्हता, पण गाडी बर्फावर थयथय नाचत होती. पुढच्या सोमवारी पुन्हा दिवा. गॅरेजवाल्यानं चारही टायर साबणाच्या पाण्यानं धुऊन बघितले.

"बाई, एक बुडबुडा नाही. टायर ठणठणीत आहेत."

"मग हवा जाते कुठं? आणि परत येते कुठून?"

"परत येते?" गॅरेजवाल्यानं तिच्याकडे असं काही बघितलं, की नेटीनं पुढे विचारायचं सोडून दिलं.

आणि मग तो बुधवार आला. गावाबाहेरच्या पुलाच्या उतारावर गाडीचं मागलं अंग सुटलं. समोरून धान्याचा ट्रक येत होता. नेटीची पाचावर धारण बसली. गाडी अर्धी गिरकी घेऊन कडेच्या बर्फात रुतली, ट्रक भोंगा वाजवत निघून गेला, आणि ओरेस्ट जागा झाला. रात्री जेवताना तो बोलला.

"नेटी, इस्पितळाजवळच्या त्या वृद्धाश्रमात एक खाट रिकामी झाली आहे. शुक्रवारपर्यंत कळवा म्हणालेत. मी तिकडे राहायला जातो."

"कशाला? मी कंटाळले म्हणून सांगितलं का तुला?"

"तू घाबरलीस. ते सांगावं लागत नाही. माझ्यापायी तुला त्या रस्त्यावर मरू देऊ का?"

"आणि मी इथं एकटी काय भिंतीशी पत्ते खेळू?"

"रविवारी येत जा की. बसनं ये."

तिनं भांडी आपटली. पण नाही म्हणायला तिच्याजवळ काही नव्हतं, हेच तर दुखणं होतं. ज्या गाडीचा भरवसा नाही तिच्यात आजारी माणूस घालून किती दिवस नशीब अजमावायचं? उद्या दुकानातून आल्यावर फोन करते, एवढं म्हणून ती उठली.

गुरुवारी ती को-ऑपच्या दुकानात गल्ल्यावर होती. दुकानाच्या कोपऱ्यात म्हाताऱ्यांचं कॉफीचं टेबल. या टेबलावर गव्हाच्या भावापासून दुसऱ्यांच्या सुनांपर्यंत सगळ्याचा निकाल लागतो. त्या दिवशी टेबलावर कुणी फारसं नव्हतं. नेटी रिकामी खोकी टाकायला मागच्या दारानं बाहेर पडली, तर तिच्या गाडीपाशी कुणीतरी गुडघे टेकून बसलेलं, आणि फुस्स असा आवाज.

"वॉली!"

कॉफीच्या टेबलावरचा वॉली हान्चुक दचकून उठला. हातात काडी, नाकाच्या शेंड्यावर थेंब.

"काय करतोयस माझ्या टायरला?"

"काही नाही गं. थोडी हवा काढतोय." चोरी पकडली गेल्यावर त्यानं सरळ वकिली सुरू केली. "तो गॅरेजवाला मूर्ख आहे. ढोलासारखे टायर फुगवतो. बर्फात टायर मऊ पाहिजे, नेटी. शेतात ट्रॅक्टर रुतला की आम्ही काय करतो? हवा काढतो. टायर पसरतो, जमीन धरतो. जन्म गेला माझा त्यात."

"म्हणजे रोज तूच..."

"रोज कुठं? घट्ट दिसले की."

एवढ्यात एक पिकअप येऊन थांबली आणि तीतून त्याच टेबलावरचा लॉइड एस्पेसेथ उतरला. काखेत हवा भरायचा छोटा पंप. दोघांना बघून त्यानं पंप पाठीमागे लपवायचा प्रयत्न केला, पण पंपाची नळी लोंबतच राहिली.

"लॉइड, तू पण?" नेटी म्हणाली.

लॉइडचं लक्ष वॉलीच्या हातातल्या काडीकडे गेलं होतं. "अरे गाढवा! ती गळती म्हणजे तू होतास होय? मी इथं थंडीत कुडकुडत हवा भरतोय, आणि तू काढतोयस?"

"किती भरतोस?"

"चव्वेचाळीस! टायरवरच लिहिलंय तेवढं. आयुष्यभर ट्रक चालवला, टायर कडक तर गाडी सरळ."

"तरीच! म्हटलं, हे ढोल कोण वाजवतंय!"

"गप्प बसा दोघं!" नेटी ओरडली. खोकी तिच्या हातातून पडली. "काल त्या पुलावर आम्ही मेलो असतो, कळतंय का? मला वाटलं गाडीत खोट आहे. मग वाटलं माझ्याच डोक्यात खोट आहे. तुमच्या या हवेपायी आज मी फोन करून माझ्या नवऱ्याला शहरात नेऊन टाकणार होते. भीक नको, पण कुत्रं आवरा रे बाबांनो!"

दोघं म्हातारे आपापल्या बुटांकडे बघू लागले. थंडी अशी की कान झोंबत होते, पण टोपी सारखी करायचंही कुणाला सुचेना. शेवटी वॉली बोलला, गाडीच्या चाकाशी बोलावं तसं.

"माझं लायसन्स काढून घेतलं गं सरकारनं. डोळे गेले. नाहीतर मीच नेलं असतं ओरेस्टला. त्या ओल्या सुगीत माझा गहू भिजत होता, तेव्हा गावचं धान्यकोठार सांभाळणाऱ्या ओरेस्टनं सुट्टीच्या रविवारीही माझ्यासाठी दारं उघडी ठेवली होती. माझं घर राहिलं ते त्यामुळं. म्हटलं, दुसरं काही जमत नाही, तर निदान हवा बघावी."

लॉइडनं नळी गुंडाळली. "माझे हात थरथरतात. मोठ्या रस्त्यावर मुलगा जाऊ देत नाही," तो एवढंच म्हणाला.

नेटीचा राग कुठल्या कुठं गेला. तिला त्या दोघांना बदडावंसंही वाटत होतं आणि मिठीही मारावीशी वाटत होती. तिनं ओरडून सांगितलं, "काम संपलं की गाडीत बसा." आणि संध्याकाळी दोघांना घेऊन ती घरी आली.

ओरेस्टनं सगळं ऐकून घेतलं. आधी त्याचे खांदे हलले, मग तो हसू लागला, मग खोकला येईपर्यंत हसला. नेटीनं त्याला असं हसताना कैक महिन्यांत बघितलं नव्हतं. ती चहाचं आधण ठेवायचंही विसरली.

"वॉली," दम खाऊन तो म्हणाला, "शेतात मऊ टायर चिखल धरतो ते खरं. पण ट्रॅक्टर शंभरानं पळत नाही. रस्त्यावर मऊ टायर वळणावर लोळतो. आणि लॉइड, टायरवरचा आकडा म्हणजे टायर जास्तीत जास्त किती सोसेल ते. गाडीला किती हवं ते चालकाच्या दाराच्या खांबावर लिहिलेलं असतं. तेहतीस."

"मग चला, करून टाकू," लॉइड उठला.

"बस खाली. आता गाडी चालून आली आहे, टायर तापलेत, हवा मोजायचं गेज खोटं बोलेल. सकाळी मोजायचं. गाडी रात्रभर बाहेर उभी राहिल्यावर, चाक फिरायच्या आधी. पारा उतरला की हवाही उतरते, म्हणून दर पंधरवड्याला बघायचं. गॅरेजच्या उबेत भरली तर दोनचार जास्तच भरायची, कारण बाहेर आल्यावर ती आक्रसते."

"हे तू आधी का नाही सांगितलंस?" नेटी म्हणाली.

"तू म्हणालीस गॅरेजवाल्यानं तपासलंय. मला वाटलं टायरच गेले. आणि..." त्यानं खुर्ची जराशी तिच्याकडे वळवली. "मला वाटलं, तुला आता सुटका हवी असेल."

"मूर्ख माणसा," नेटी म्हणाली आणि त्याचा हात धरून बसली. पाहुण्यांनी खिडकीबाहेर बघितलं.

शुक्रवारी सकाळी नेटीनं पडदा सारला, तर दोघं दारात उभे. उघड, दिवसाढवळ्या, पंप घेऊन. लॉइड हवा भरत होता आणि वॉली डोळ्यांजवळ गेज धरून आकडा वाचत होता. चुकीचा वाचत होता, म्हणून लॉइड त्याला शिव्या देत होता. नेटी कोट न घालताच बाहेर आली.

"थँक्यू," ती मोठ्यांदा म्हणाली. "टायरांसाठी. बर्फासाठी. बटाट्यांसाठी, कोबीसाठी, कुणी काय केलं ते मला ठाऊक नाही, पण सगळ्यासाठी. मला वर्षभर म्हणायचं होतं."

"बटाटे माझे नव्हते," वॉली घाईघाईनं म्हणाला.

"आत जा बाई, गारठशील," लॉइड म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

त्या दिवशी पुलाच्या उतारावर वारा होता, बर्फही सरपटत होता. गाडी रस्ता धरून चालली. नेटीनं बऱ्याच वेळानं एक हात स्टिअरिंगवरून काढून मांडीवर ठेवला. ओरेस्टनं ते बघितलं. तो झोपला नव्हता.

इस्पितळाच्या आवारात गाडी थांबते न थांबते तोच फोन वाजला. आश्रमातली बाई होती. खाटेचं काय ठरलं, विचारत होती. नेटीनं बोलायला तोंड उघडलं, पण ओरेस्टनं तिच्या हातातून फोन घेतला.

"नाही येत मी," तो म्हणाला. "ती खाट दुसऱ्या कुणाला द्या... नाही हो, तब्येत तशीच आहे. काही सुधारणा नाही. टायर सुधारलेत."