गवताची तीन पाती

"सरक रे कोलार! तुझ्याजवळ कोण पापं सांगणार? ऐकता ऐकता घोरायला लागशील!" पेरिन ओरडला आणि अख्खी फ्रेंच तुकडी खो खो हसली.

तुकडीचा पाद्री हगवणीने गेला होता आणि पुलापलीकडे इंग्रज दिसू लागले होते. अशा वेळी शिपाई जोडीजोडीने बसत, एकमेकांना पापं सांगत, माफ करत आणि प्रसादाच्या भाकरीऐवजी गवताची तीन पाती खात. पाती मात्र जोडीदाराच्या हातूनच घ्यायची. आपल्या हातची चालत नाहीत. भाला धरून केस पिकले तरी कोलारला कधी जोडीदार मिळाला नव्हता. निम्म्यांना तर त्याचं नावही ठाऊक नव्हतं. तो आपला खेचराच्या मानेवर हात फिरवत उभा राही.

दुपारपर्यंत तुकडीची दाणादाण उडाली. पळता पळता कोलारला खंदकात पेरिन दिसला. पोटात बाण रुतलेला.

"पाद्री आण," पेरिन कण्हला.

"कुठून आणू? मीच आहे."

"तू?" पेरिन हसायला गेला आणि कळवळला. "बरं बाबा, तू तर तू. ऐक. आईवर हात उचलला होता मी. दाराबाहेर काढली तिला, थंडीत. परत दिसलीच नाही." त्याने कोलारची बाही घट्ट धरली. "पोचेल ना हे वर? आहे ना तिथं कोणी?"

'हो' म्हणायला काय जात होतं? पण कोलारच्या तोंडून ते निघेना.

"माहीत नाही रे. कधी वाटतं आहे, कधी वाटतं नुसतंच आभाळ. पण मी ऐकलंय. मी माफ केलं."

"गाढवा, मरणाऱ्याशी तरी खोटं बोलावं!" पेरिन म्हणाला, पण बाही सोडली नाही. त्याने तोंड उघडलं. कोलारने तीन पाती तोडून त्याच्या जिभेवर ठेवली.

"आता तू सांग," पेरिन पुटपुटला. "जोडीनं सांगायचं असतं."

असं त्याला आजवर कोणी म्हटलं नव्हतं. कोलारने लोखंडी टोपी काढली, घसा खाकरला.

"पेर्नेल, माझी बायको. तापात पाणी मागत होती. मला वाटलं, आधी देवाला सांगून येऊ. चर्चमध्ये गुडघे टेकले आणि तिथंच बसून राहिलो. आलो तर विझली होती. घडा तिच्या हाताला लागेल असाही ठेवला नव्हता मी. तेव्हापासून प्रार्थनेला नुसते ओठ हलवतो. पण रस्त्यात क्रूस दिसला की टोपी काढतो. का काढतो, कोण जाणे."

बाहीवरची पकड मध्येच कधीतरी सुटली होती. कोलारला ते कळलं होतं. तरी त्याने शेवटपर्यंत सांगितलं.

"केलंस ना माफ?"

पलीकडे इंग्रजांचे घोडे खिंकाळत होते. मग त्याने तीन पाती तोडली, पेरिनच्या बोटांत नीट धरवली आणि वाकून त्या हातातून ओठांनी घेतली.